आईचा मिक्सर बंद होता ते दिवस

वत्सलाआत्याच्या दुकानात गेलं की आधी वार्निशचा वास यायचा, मग आत्या दिसायची. अणदूरच्या बसस्टँडला लागून तिचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या पाण्याच्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची, तांब्याची नवी तार भरायची, वरनं वार्निश पाजून भट्टीत वाळवायची, हे तिचं काम. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं. ते गेल्यावर गावाला वाटलं, शटर आता कायमचं पडलं. आत्यानं महिन्याच्या आत ते वर केलं. सुरुवातीला माणसं मोटार घेऊन यायची, आत बाई बघून मालक कुठं आहेत विचारायची आणि तशीच पुढं नळदुर्गला जायची. दोन उन्हाळे गेले, आणि तीच माणसं दारात मोटारी रांगेनं लावून, चहा पीत, आत्याच्या हाताखाली आपली मोटार कधी जाते याची वाट बघत बसायला लागली. मला त्या वयात गावात कुणाचा रुबाब वाटत असेल तर तो तिचा. सरपंच, मास्तर, पुण्याहून येणारे चुलतभाऊ, सगळे तिच्यामागं.

तिची कामाची एक पद्धत होती. मोटार आली की लगेच पाना लावायचा नाही. आणणाऱ्याला स्टुलावर बसवायचं आणि विचारायला सुरुवात करायची. कधी बंद पडली, पडायच्या आधी आवाज कसा होता, पाणी आधीपासून कमी येत होतं का, त्या दिवशी लाइट कमीजास्त होत होती का. शेतकरी वैतागायचा, खोला की आता म्हणायचा. ही ऐकायची नाही. खोलल्यावर निघालेले स्क्रू ठेवायला तिच्याकडं घरातला जुना मसाल्याचा डबा होता, सात वाट्यांचा. त्या वाट्यांची नावं तिनं बदलली नव्हती. झाकणाचे स्क्रू मोहरीत, पंख्याचे जिऱ्यात, बेरिंगचे हळदीत. आणि बदलायचं ते एका वेळी एकच. एक गोष्ट बदलायची, चालवून बघायची, मग दुसरी. मी आज दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायच्या कामात आहे. हाताखालच्या पोरांना मी हेच सांगते आणि ती माझ्याकडं त्या शेतकऱ्यांसारखीच वैतागून बघतात.

तर आमच्या घरी गेमिंगचा कॉम्प्युटर आला तो चुलतभाऊ सुशांतदादा परदेशी निघाला म्हणून. त्यानं तो हौसेनं जोडलेला, मोठं ग्राफिक्स कार्ड घातलेला, पंखे लागले की आतून निळा उजेड पडणारा. मी तेव्हा अकरावीत. अण्णांनी तो मधल्या खोलीत खिडकीपाशी ठेवायला लावला, पोरगी काय करते ते येताजाता दिसावं म्हणून. भिंतीच्या पलीकडं स्वयंपाकघर. तिथला सगळा संसार मला हेडफोन लावूनही ऐकू यायचा. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज, मग फोडणीचा चुर्र, मग आईचा मिक्सर. आईचा मिक्सर म्हणजे शेजारपाजाऱ्यांना घड्याळ होतं. तो सुरू झाला की भिंतीवरची फोटोची फ्रेम थरथरायची. शेंगदाण्याची चटणी, लसणाचं वाटण, कधी धपाट्यासाठी मिरच्या. घरात पहिला मिक्सर आला तेव्हा आई किती दिवस त्याला रोज ओल्या फडक्यानं पुसत होती, ते मला लहानपणीचं आठवतं. उकाडा असा की मी सीपीयूच्या डब्याचं बाजूचं झाकण काढूनच ठेवलेलं. आत हवा खेळेल, अशी माझी अक्कल.

खेळ होता टोळीनं खेळायचा. आम्ही चौघी. मी अणदुरात, एक लातुरात, एक सोलापुरात आणि एक पार नाशिकला. एकमेकींना प्रत्यक्ष कुणी बघितलेलं नाही, पण आवाज ओळखीचे. मुलींच्या संघांची एक स्पर्धा लागली आणि आम्ही पडतझडत अशा फेरीला पोचलो की जिंकणाऱ्या संघाला पुण्यात हॉलमध्ये, माणसांसमोर खेळायला मिळणार होतं. अण्णांना यातलं काही कळत नव्हतं, पण बारावी जवळ आलेली कळत होती. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, येत्या रविवारचा सामना खेळ. जिंकलीस तर पुण्याला मी स्वतः घेऊन जातो. हरलीस तर परीक्षा होईपर्यंत ते धूड माळ्यावर. मी कबूल झाले. माझा सगळा जीव त्या रविवारी चार वाजण्यात अडकला होता. तो सामना आम्ही हरलो, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी त्याची वाट बघत बसायला नको. समोरच्या पोरी आमच्यापेक्षा चांगल्या होत्या.

पण त्या रविवारच्या दहाबारा दिवस आधी कॉम्प्युटरनं रंग दाखवायला सुरुवात केली. खेळ ऐन भरात, आणि स्क्रीनवर हिरवे-गुलाबी चौकोन उमटायला लागले. मग चित्र गोठलं. मग सगळं काळं. पलीकडं नेमका मिक्सर चालू होता. सोलापूरची पोरगी कानात ओरडतेय, आमचा संघ उघडा पडलाय, आणि मी हेडफोन काढून थेट स्वयंपाकघराच्या दारात. तुझ्या मिक्सरनं व्होल्टेज पडतं, कार्ड जाईल माझं, म्हणून नको ते बोलले. अण्णा तिथंच जेवत होते. तेही म्हणाले, चार दिवस नाही लावला मिक्सर तर काय बिघडतं. आईनं मिक्सरची वायर गुंडाळली, भांडं धुऊन पालथं घातलं आणि माळ्यावरनं लोखंडी खलबत्ता काढला.

दुसऱ्या दिवसापासून घराचा आवाजच बदलला. मिक्सर दोन मिनिटांत गप्प व्हायचा. खलबत्ता अर्धा अर्धा तास चालायचा, धप्प, धप्प, मध्ये थांबून परत धप्प. आणि त्याच दुसऱ्या दिवशी, मिक्सर भिंतीशी मुका बसलेला असताना, पंधराव्या मिनिटाला माझा स्क्रीन परत चौकोनांनी भरला आणि मेला. म्हणजे मिक्सरचा काही संबंध नव्हता. हे मला तेव्हाच, त्या क्षणाला कळलं. उठून आईला सांगायला चार पावलं होती. मी गेले नाही. मी गुपचूप बटण दाबून परत चालू केला. का गेले नाही? मोठ्या तोंडानं बोललेलं परत घ्यायची लाज वाटली, दुसरं काय. इतकी वर्षं झाली तरी ती चार पावलं माझ्या डोक्यातनं गेली नाहीत.

मग अण्णांनी डबा मोटारसायकलवर बांधून सोलापूरला एका दुकानात नेला. तिथल्या माणसानं तो चालवला, चौकोन आलेले बघितले आणि सांगितलं की कार्ड गेलं, नवीन टाका. तो काही चुकीचा माणूस नव्हता. त्याच्यापुढं रांग होती, त्यानं दिसलं ते सांगितलं. नवीन कार्ड आमच्या घरात येणार नाही हे मला आणि अण्णांना दोघांनाही माहीत होतं. अण्णा घरी आले, डबा जागेवर ठेवला आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, शुक्रवारी अक्काला दाखवू. मी मनात म्हणाले, आत्या पाण्याच्या मोटारी भरते, यातलं तिला काय कळणार. एवढा माझा तिच्यावर जीव, आणि तरी मनात हे आलंच.

शुक्रवारी दुपारी आत्या आली ती मसाल्याचा डबा, मीटर आणि कोपरापर्यंत वार्निशचा वास घेऊन. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला नाही. मला खुर्चीत बसवलं, स्वतः पाटावर बसली.

"कवा मरतंय ते सांग."

मी सांगितलं, खेळ सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांनी. नुसतं लिहीत बसलं, सिनेमा बघितला, तर मरत नाही. मेल्यावर लगेच चालू केलं तर लवकर मरतं, तासाभरानं केलं तर परत पंधरा मिनिटं निघतात. मग तिनं विचारलं, मिक्सर बंद असताना मेला का कधी? आई दारात शेंगा सोलत बसलेली. मी म्हणाले, आठवत नाही. आत्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तिचा पहिला अंदाज चुकला. जन्म मोटारींत गेलेला, त्यामुळं तिला आधी लाइटवरच संशय. मीटर लावून बसली, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायला लावलं, डब्याची वायर ओढून दुसऱ्या खोलीतल्या बोर्डात लावली. एकेक करून, मध्ये चालवून बघत. मी प्रत्येक वेळी खेळ लावायची आणि आम्ही तिघी त्या स्क्रीनकडं बघत बसायचो. चौकोन यायचेच. तिसऱ्या वेळी आत्यानं मीटर बंद करून पिशवीत टाकला आणि म्हणाली, लाइट चांगली हाय, माझंच चुकलं. आईनं चहा आणला. चहा पिता पिता आत्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली, आणि ते वाक्य मी आजही कामावर मनात म्हणते.

"थंड असताना चालतंय, गरम झालं की मरतंय. जळालेलं असतं तर थंडपणीबी चाललं नसतं. हे मेलेलं न्हाय. ह्याचा दम कोंडतोय."

तिनं टेबलफॅन मागवला, डब्याच्या उघड्या बाजूला तोंड करून ठेवला आणि मला म्हणाली, खेळ. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. पस्तीस मिनिटं तो डबा चालला. मग चौकोन आले. पण पस्तीस मिनिटं! सोलापूरच्या दुकानातल्या माणसाला जे करायला वेळ नव्हता ते एका टेबलफॅननं केलं होतं. कार्ड किती तापतंय हा आकडा स्क्रीनवर दाखवणारी सोय त्यातच असते, हे मला तेव्हा ठाऊकसुद्धा नव्हतं. आज हसू येतं. आणि आत्यानं ती सोय न वापरता, हाताची मागची बाजू त्या कार्डाजवळ नेऊन, तेच शोधलं होतं.

आता खोलायचं. मी कार्ड कसं काढतात ते मोबाइलवर बघून सांगत होते आणि ती करत होती. आत्याचे पाने सगळे मोटारींचे. कार्डाचे स्क्रू तांदळाएवढे. आईनंच घड्याळवाल्याकडनं त्याचा बारका स्क्रूड्रायव्हर तासाभराच्या बोलीनं आणला. बाजूच्या पट्टीचे स्क्रू मोहरीत गेले, मागचे जिऱ्यात, पंख्यावरच्या काळ्या झाकणाचे हळदीत. झाकण सुटलं आणि आत्याचा हात थांबला.

आत सगळं पिवळं होतं. पंख्याच्या पात्यांना पिवळी लुकण, आणि खाली उष्णता बाहेर काढायच्या ज्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटी पार लिंपल्यासारख्या भरलेल्या. हळद. फोडणीच्या धुरानं चिकट झालेली, घट्ट बसलेली हळद. मला काही कळेना. आईला वाटलं, भिंतीपलीकडनं तिच्याच मसाल्याची उडाली की काय. तिचा चेहरा उतरला. दहा दिवस ती खलबत्ता कुटत होती आणि आता परत तिच्याच अंगावर येतंय, असं तिला वाटलं असणार. ती काही तरी म्हणायला गेली तर आत्यानं तिला हातानं थांबवलं.

"वयनी, तुमचं न्हाय हे. भंडारा हाय. म्या टाकलाय. माझ्याच हातचं हाय हे सगळं."

मग मला आठवलं. खंडेनवमीला आत्या आपल्या दुकानातल्या यंत्रांची पूजा करून माहेरच्या यंत्रांना भंडारा वाहायला यायची. पाण्याची मोटार, अण्णांची मोटारसायकल, आईचा मिक्सर, आणि त्या वर्षी हा नवीन पाहुणा. बाकी लोक त्या दिवशी यंत्र बंद ठेवून पूजा करतात. आत्याच्या नवऱ्याची रीत वेगळी होती. ते चालू मोटारीवर भंडारा उधळायचे, चालतं यंत्र देवाला दाखवायचं म्हणून, आणि ते गेल्यावर आत्यानं ती रीत सोडली नव्हती. मोटारीला काही होत नाही, तिचं सगळं बंदिस्त. त्या दिवशी तिनं मला कॉम्प्युटर चालू करायला लावलेला, पंखे फिरताना बघून खूश झालेली, आणि येळकोट म्हणत दोन मुठी त्या निळ्या उजेडात उधळल्या होत्या. झाकण मी काढून ठेवलेलं. पंख्यांनी सगळा आत ओढून घेतला. मला तो क्षण इतका आवडला होता की मी त्याचा फोटो काढून टोळीतल्या पोरींना पाठवलेला.

तेवढ्यात अण्णा शेतातनं आले. आत्या सहज म्हणू शकली असती की धूळ होती. धुरळ्याचं गाव आमचं, सोयाबीनच्या राशींचे दिवस नुकतेच सरलेले, कुणी शंका घेतली नसती. गावातली सगळ्यात हुशार कारागीर ती, आणि तिच्याच हातानं भावाच्या घरातलं यंत्र बिघडलेलं. तिनं अण्णांना तो पिवळा पत्रा उजेडात धरून दाखवला आणि परत, पहिल्यापासून, सगळं सांगितलं. दादल्याची रीत म्हणून डोळे झाकून करत आले, यंत्र कोणतं हाय ते बघितलं न्हाय, असं म्हणाली. अण्णा म्हणाले, जाऊ दे अक्का. ती म्हणाली, जाऊ कसं दे, पोरीचा सामना हाय.

तिनं रंगाच्या कोरड्या ब्रशनं एकेक फट साफ केली. पंख्याची पाती बोटानं दाबून धरून दुकानातनं मागवलेल्या ब्लोअरची हवा मारली. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, त्याच्यावर पिवळा ढीग जमला. तो केरात टाकायचा प्रश्नच नव्हता, देवाचा भंडारा तो. आत्यानं त्याची पुडी बांधली. बांधायच्या आधी चिमूट घेतली, आधी स्वतःच्या कपाळाला लावली, मग आईच्या, मग माझ्या. मग चिपची उष्णता पत्र्यात जावी म्हणून मध्ये लावलेली, आता वाळून पापडी झालेली पेस्ट खरवडून मोबाइलच्या दुकानातनं आणलेली नवी लावली, एका पंख्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला, आणि हळद, जिरं, मोहरी असं उलट्या क्रमानं सगळं परत बसवलं. एकही स्क्रू उरला नाही. मी खेळ लावला. पाऊण तास आत्या पाटावर बसून स्क्रीनकडं बघत होती. एकही चौकोन आला नाही. मी तिच्या गळ्यात पडले तर ती म्हणाली, सर बाजूला, घाम आलाय.

शनिवार असाच गेला. कॉम्प्युटर चालत होता आणि भिंतीपलीकडं खलबत्ताही चालत होता. आईला कुणी सांगितलंच नव्हतं की आता लाव मिक्सर. सांगायचं काम माझं होतं. माझ्या कपाळाला आत्यानं लावलेला भंडारा मला दिवसभर टोचत होता. जिचा माल बिघडला तिच्यासमोर, भावासमोर, भावजयीसमोर ती म्हणाली की माझ्या हातचं आहे. आणि मी आईला चार पावलांवर जाऊन एवढंसं सांगू शकत नव्हते.

रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना मी हेडफोन गळ्यात अडकवून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आई खाली बसून शेंगदाणे कुटत होती. तळव्यावर अंगठ्याच्या बुडाला फोड येऊन फुटलेला, त्याच्यावर तिनं चिंधी बांधलेली. मी ती तोवर बघितली नव्हती. मी म्हणाले, आई, मिक्सरचं काहीच नव्हतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलेलं. मी सांगितलं नाही.

आईनं बत्ता खाली ठेवला नाही. "मला बी कळलं हुतं की," ती म्हणाली. "माझा मिक्सर बंद, आन तू सारखी बटन दाबायलीस. ऐकू येतंय की इकडं."

"मग लावला का नाहीस?"

"म्हणलं, चुकून त्याचंच असलं तर? तुझा सामना हुईस्तवर कुटावं."

मला रडू फुटलं. तिकडं गळ्यातल्या हेडफोनमधनं पोरी माझं नाव घेऊन हाका मारायला लागल्या होत्या. मी आईच्या हातातनं बत्ता काढून घेतला, कोपऱ्यातला मिक्सर ओट्यावर ठेवला, वायर सोडवली, पिन लावली. खलबत्त्यातले अर्धे कुटलेले दाणे भांड्यात ओतले. म्हणाले, मी खेळायला बसले की लाव. नक्की लाव.

सामना सुरू झाला. मी बसले, आम्ही चौघी आत शिरलो, आणि भिंतीपलीकडं आईचा मिक्सर सुरू झाला. फोटोची फ्रेम थरथरली. लातूरची पोरगी कानात म्हणाली, हा कसला आवाज येतोय गं, माइक बंद कर तुझा. मी माइक बंद केला नाही. मी म्हणाले, आई चटणी करतीय.